क्रीमी चिकन पास्ता: क्रीम कमी, खरवड जास्त

हॉटेलात मिळतो तसा क्रीमी चिकन पास्ता घरी का होत नाही, तर आपण क्रीम कमी घालतो म्हणून, अशी बहुतेकांची समजूत असते. मग काय करतात, क्रीमचा अख्खा खोका ओततात, वरून चार क्यूब चीज किसतात आणि ताटात येतं ते एक गोडसर पांढरं जड प्रकरण, जे चार घासांनंतर नको होतं. माझं मत विचाराल तर क्रीम हा यातला अगदी शेवटाकडे येणारा आणि सगळ्यात कमी काम करणारा पदार्थ आहे. चव येते ती चिकन भाजल्यावर पॅनच्या बुडाला राहिलेल्या खरवडीतून, आणि सॉसला जी चकाकी येते ती आपण बिनधास्त सिंकमध्ये ओतून देतो त्या पास्त्याच्या पाण्यातून. या दोन गोष्टी जमल्या की क्रीम अर्धी वाटी पुरतं.

आता मी नक्की कुठल्या पास्त्याबद्दल बोलतोय ते आधी सांगतो, नाहीतर कोणीतरी इटलीचं नाव काढून भांडायला येईल. आपल्याकडे पुण्यात एफसी रोडला जा नाहीतर कोरेगाव पार्कला, मेनूवर पास्त्याचे तीन रंग असतात, रेड, व्हाइट आणि पिंक, आणि प्रत्येकात पन्नासेक रुपये जास्त दिले की चिकन. त्यातला व्हाइट जरा महागड्या ठिकाणी गेला की त्याचा 'चिकन आल्फ्रेडो' होतो. तोच हा. इटलीत कोणी असा चिकन घातलेला पास्ता सहसा खात नाही, ही सगळी अमेरिकेची करणी आहे आणि आपल्याकडे तो तिथूनच आला.

पण मूळ गोष्ट मस्त आहे आणि कामाचीही आहे. रोममध्ये आल्फ्रेडो दी लेलिओ नावाचा एक हॉटेलवाला होता, त्याची बायको बाळंतपणानंतर अशक्त झाली होती, तिला काही खावंसं वाटेना, म्हणून त्याने ताज्या फेटुचिनीत (लांब चपट्या पट्ट्यांचा पास्ता) भरपूर लोणी आणि पार्मेझान चीज घालून तिला दिलं, ही साधारण १९०८ ची गोष्ट असं सांगतात. (आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे की, बाळंतिणीला लोणी-तूप द्यायलाच पाहिजे," आणि तिच्या लेखी आल्फ्रेडो पास झाला.) पुढे १९१४ मध्ये त्याने व्हिया देला स्क्रोफा या रस्त्यावर स्वतःचं रेस्टॉरंट काढलं, १९२० मध्ये हॉलिवूडची मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे जोडपं हनिमूनला रोममध्ये आलं ते तिथे जेवलं, आणि तिकडे अमेरिकेत या पदार्थाचा बोलबाला झाला. अमेरिकेत मग त्यात क्रीम आलं, लसूण आला, चिकन आलं. म्हणजे बघा, ओरिजिनलमध्ये क्रीमचा थेंब नव्हता तरी तो क्रीमी होता, कारण लोणी आणि चीज पास्त्याच्या पिठूळ पाण्यात घोटलं की आपोआप दाट गुळगुळीत सॉस तयार होतो. हेच आपल्याला घरी करायचंय, फक्त थोडं दूध, थोडं क्रीम आणि चिकनसकट.

सामानाकडे येऊ. तीन जणांना पोटभर होईल असं माप देतो: पेन्ने पास्ता २५० ग्रॅम, बोनलेस चिकन ब्रेस्ट साधारण ४०० ग्रॅम, बटर ३० ग्रॅम, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, मैदा दीड टेबलस्पून, फुल क्रीम दूध २५० मिली, क्रीम १०० मिली, चीज सगळं मिळून ७०-७५ ग्रॅम, मिरी, ओरेगॅनो, चिली फ्लेक्स आणि जायफळ. ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स विकत आणू नका, पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या प्रत्येकाच्या घरी एका ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतात, त्यांचं एकदाचं कल्याण होऊ दे.

पास्ता घेताना पाकिटाच्या मागे 'ड्युरम व्हीट सेमोलिना' लिहिलंय का ते वाचा. साध्या रव्याचा किंवा मैदा मिसळलेला पास्ता उकळताना वरून मऊ पडतो आणि आतून पिठूळ राहतो, त्याला कितीही जपा, सॉसमध्ये गेला की लगदा. ड्युरम म्हणजे काही परग्रहावरचा गहू नाही, आपल्याकडे उपम्याला, लापशीला जो बन्सी रवा वापरतात तो याच जातीच्या गव्हाचा, आणि आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ड्युरमचे वाणसुद्धा काढलेत. दाणा कडक, प्रोटीन चांगलं, म्हणून शिजूनही आकार धरून राहतो.

क्रीमच्या बाबतीत आमच्या घरी दरवेळी एकच संवाद होतो. आई फ्रीज उघडते आणि म्हणते, "अरे, एवढी पातेलंभर साय आहे, क्रीम कशाला विकत आणतोस?" तर आई, आणि ज्या सगळ्या आयांना हा प्रश्न पडतो त्या सगळ्यांसाठी सांगतो: लोण्यासाठी आठवडाभर साठवलेली साय बहुतेक वेळा आंबट झालेली असते, वर तिला विरजण लावलेलं असेल तर संपलंच, गरम सॉसमध्ये पडली की फाटते. अगदी आजची ताजी साय असेल तर थोड्या दुधात घालून मिक्सरला नुसती एक-दोन झटके फिरवून चालते, पण जरा जास्त फिरली की लोणी सुटतं आणि सॉसमध्ये पिवळे कण तरंगतात. त्यापेक्षा बाजारातलं फ्रेश क्रीम बरं. आपल्याकडच्या खोक्यातल्या क्रीममध्ये २५ टक्के फॅट असतं, परदेशी रेसिप्यांमधल्या हेवी क्रीममध्ये ३६ टक्क्यांच्या वर, म्हणून तिकडचे लोक क्रीम खळखळ उकळवतात ते बघून आपण तसं करायला जाऊ नये. फॅट जितकं कमी तितकं ते फाटायची भीती जास्त. खोका न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, दाट क्रीम वेगळं जमतं आणि पातळ पाणी वेगळं, तेवढं दाट चमच्याने काढून घ्या.

चीजचं गणित असं की एकट्या पार्मेझानने चव भारी येते पण आपल्या हाताला ते लवकर रुसतं, गॅस जरा मोठा असला की त्याची रबरासारखी गुठळी होते आणि तेल वेगळं सुटतं. प्रोसेस्ड चीजच्या क्यूबमध्ये इमल्सिफायर म्हणून क्षार घातलेले असतात, ते प्रोटीन आणि फॅटला धरून ठेवतात, त्यामुळे ते काही केलं तरी गुळगुळीतच वितळतं. म्हणून मी दोन्ही वापरतो, दोन क्यूब म्हणजे ५० ग्रॅम सॉस धरून ठेवायला आणि वर वीस-पंचवीस ग्रॅम पार्मेझान चवीला. खानदानी स्वयंपाकी नाक मुरडतील, मुरडू देत. किसलेलं तयार पार्मेझान डबीतलं घेऊ नका, ते एकमेकाला चिकटू नये म्हणून त्यात सेल्युलोज घातलेलं असतं, ते नीट वितळत नाही, खरखर लागतं. तुकडा आणा, किसणी घरात आहे.

आता चिकन. ब्रेस्ट पीस हा जरा अवघड माणूस आहे, दोन मिनिटं जास्त झाली की कोरडा पडतो, आणि सगळे त्याचे चौकोनी तुकडे करून एकदम कढईत टाकतात, मग त्याला पाणी सुटतं, तुकडे त्या पाण्यात उकडले जातात, रंग नाही, चव नाही, नुसतं चावत बसायचं. तुकडे आधी करायचेच नाहीत. अख्खा पीस घ्यायचा, मधून आडवा चिरून त्याच्या दोन पातळ चकत्या करायच्या, जाड भाग असेल तर वर प्लास्टिकची पिशवी ठेवून लाटण्याने हलकेच ठोकून सगळीकडे सारख्या जाडीचा करायचा. पाऊण चमचा मीठ आणि भरड कुटलेली मिरी चोळून अर्धा तास ठेवा. मीठ सुरुवातीला पाणी बाहेर काढतं आणि मग तेच पाणी परत आत जातं, त्यामुळे चव आतपर्यंत पोचते आणि भाजताना रसही कमी गळतो. पॅनमध्ये टाकायच्या आधी टिश्यूने किंवा स्वच्छ फडक्याने अगदी कोरडं करून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे पण हे टाळलं तर पुढचं सगळं मुसळ केरात.

पॅन नॉनस्टिक नको. स्टीलचं जाड बुडाचं, ट्रायप्लाय कढईसुद्धा चालेल, बिडाचं असेल तर उत्तमच. कारण आपल्याला ते चिकटायलाच हवंय! पॅन चांगला तापवा, एक चमचा तेल, आणि चिकन ठेवलं की हात मागे. तीन-चार मिनिटं हलवायचं नाही, टोचायचं नाही, उचलून बघायचं नाही. सुरुवातीला ते बुडाला घट्ट धरून बसतं आणि खालची बाजू नीट तांबूस झाली की आपणहून सोडतं, न सोडणाऱ्या तुकड्याला उलथन्याने ओढाताण करू नका, त्याचा अर्थ एवढाच की अजून वेळ आहे. मग उलटून दुसऱ्या बाजूने तीन मिनिटं. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे, नसेल तर सगळ्यात जाड जागी चीर देऊन बघा, आत गुलाबी रंग नको आणि रस स्वच्छ दिसला पाहिजे. ताटलीत काढा आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघूही नका, लगेच कापलं तर सगळा रस ताटलीत.

चिकन पॅनमध्ये गेलं त्याच वेळी शेजारच्या गॅसवर पास्ता पडलेला हवा. इथे दुसरी हॉटेलची खुबी आहे. हॉटेलच्या किचनमध्ये एकाच मोठ्या भांड्यातल्या पाण्यात संध्याकाळभर पास्त्याचे घाण्यावर घाणे उकळतात, त्यामुळे रात्रीपर्यंत ते पाणी पेजेसारखं पांढरं झालेलं असतं आणि सॉसमध्ये त्याचा एक पळीभर पडला की सॉस मिळून येतो. आपण घरी एकदाच उकळणार, तेही पुस्तकात लिहिलंय म्हणून १०० ग्रॅमला एक लिटर पाणी घेऊन, म्हणजे स्टार्च पार पातळ. म्हणून पाणीच कमी घ्या, २५० ग्रॅमला दीड लिटर पुरे, फक्त पहिली दोन-तीन मिनिटं ढवळत राहा म्हणजे चिकटणार नाही. मीठ दोन सपाट चमचे, त्याहून जास्त नको, कारण बटर खारं, चीज खारं आणि हेच पाणी सॉसमध्ये जाणार आहे. पाण्यात तेल घालू नका, तेल वर तरंगतं आणि गाळताना पास्त्याला माखून बसतं, मग सॉस धरतच नाही. पाकिटावर ११ मिनिटं लिहिलं असेल तर ९ ला बंद, चावल्यावर मध्ये बारीकसा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. राहिलेलं शिजणं सॉसमध्ये होईल.

चिकन काढलं, पॅनकडे बघा. बुडाला तपकिरी, कुठे कुठे चॉकलेटी अशी खरवड धरलेली असेल (काळी झाली असेल तर मात्र पॅन धुवा, कडू लागेल). गॅस बारीक करा आणि पास्त्याच्या पातेल्यातलं अर्धी वाटी पाणी त्यात ओता. चर्र होऊन वाफ येईल, लाकडी उलथन्याने खरवडत राहा, अर्ध्या मिनिटात बूड स्वच्छ आणि पाणी चहाच्या रंगाचं. हे पाणी एका वाटीत काढा, चिकनच्या ताटलीत साठलेला रसही त्याच वाटीत. बोट बुडवून चाटून बघा, मग कळेल मी खरवड खरवड का करत होतो. आमच्या लेकीने एकदा "बाबा, हे घाण पाणी टाकून देऊ का?" म्हणत वाटी सिंककडे नेली होती, तेव्हा मी जो ओरडलो तो शेजाऱ्यांनी ऐकला.

त्याच पॅनमध्ये बटर, ते वितळलं की बारीक चिरलेला लसूण, मंद आचेवर, नुसता वास सुटेपर्यंत, लाल नको. मग मैदा. एक मिनिट परता, कच्चट वास गेला पाहिजे पण रंग बदलायला नको. आता दूध, आणि ते एकदम ओतायचं नाही, आधी दोन-तीन चमचे, घोटा, घट्ट गोळा होईल, परत थोडं, परत घोटा. पिठल्याच्या गुठळ्या ज्याला मोडता येतात त्याला हे शिकवायची गरज नाही, हात तोच. सगळं दूध गेलं की ती वाटीतली तपकिरी माया ओता. रंग थोडा मळकट होईल, घाबरू नका, हॉटेलचा पांढराशुभ्र सॉस बऱ्याचदा पांढरा असतो कारण त्यात मैदा, कॉर्नफ्लोअर आणि दूध याशिवाय काही नसतं. एका चकचकीत कॅफेत मला असा पास्ता मिळाला होता की चमचा उभा राहावा, चव अक्षरशः खळीची, आणि बिल चारशेच्या वर. असो.

सॉस दोन मिनिटं मंद उकळू द्या. मग जायफळ. हे विसरू नका, व्हाइट सॉसमध्ये जायफळ घालायची युरोपात जुनी रीत आहे आणि आपल्या डब्यात ते श्रीखंड-पुरणपोळीसाठी असतंच, किसणीवर दोनदा फिरवलं की बस, तीनदा फिरवलं तर लोक विचारतात आज सण आहे का. ओरेगॅनो बोटांनी चुरडून, चिली फ्लेक्स, मिरी. आता पास्ता झाऱ्याने उचलून सरळ सॉसमध्ये, मागे थोडं पाणी आलं तर येऊ दे, आणि आच वाढवून दीड-दोन मिनिटं सारखं हलवत राहा. पॅन उडवता येत असेल तर उडवा, नाहीतर चिमट्याने वरखाली करा, पण हलणं महत्त्वाचं आहे, कारण त्या हलण्यानेच बटर आणि स्टार्चचं पाणी एकजीव होतं. दाट वाटलं की पास्त्याचं पाणी एक-एक पळी. आच बारीक करून क्रीम, फक्त गरम होऊ द्या. गॅस बंद. आणि मग चीज, आधी क्यूबचं, मग पार्मेझान, ढवळत ढवळत. गॅस बंद केल्याशिवाय पार्मेझान घालायचं नाही, म्हणजे नाही.

या क्षणी सॉस तुम्हाला जरा पातळच वाटला पाहिजे. पॅनमध्ये बरोबर वाटला तर ताटात गेल्यावर घट्ट होणार, कारण स्टार्च आणि चीज दोन्ही गार होताना आवळतात. घरी मागवलेला पास्ता डब्यातून वडीसारखा बाहेर येतो त्याचं कारण हेच, त्यात बिचाऱ्या डिलिव्हरीवाल्याचा काही दोष नाही.

चिकन धाग्यांच्या आडवं, तिरकं कापा, बोटभर जाड पट्ट्या, आणि त्या सॉसमध्ये न घालता वर ठेवा, म्हणजे भाजलेली कड कुरकुरीत राहते आणि हॉटेलसारखं दिसतंही. लिंबू पिळायचं असेल तर ते या पट्ट्यांवर, सॉसमध्ये अजिबात नाही. मला ते हवंच असतं, एवढ्या दुधा-बटरात कुठेतरी आंबट टोक लागतं.

भाज्यांबद्दल फार बोलत नाही. ब्रोकोली, मक्याचे दाणे, सिमला मिरची, जे आवडतं ते वेगळं परतून शेवटी घाला. मशरूमला मात्र मान द्या. आमच्याकडे हा बेत बहुतेक शनिवारी होतो आणि आईचा शनिवार असतो, त्यामुळे तिचा पास्ता मशरूमचा. मशरूम पाण्यात भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे, जाड चिरायचे, मोठ्या आचेवर वेगळ्या पॅनमध्ये आणि मीठ शेवटी, म्हणजे त्यांचीही छान खरवड धरते आणि त्या खरवडीवरच आईचा छोटा सॉस होतो. एक लक्षात ठेवा, खरं इटालियन पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेझान, वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट जमवणाऱ्या पदार्थाने) बनवतात, म्हणजे ते शाकाहारी नाही. घरात कोणी पाळणारं असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका असलेलंच चीज घ्या. आईच्या वाट्याला मी नुसतं क्यूबचं घालतो, ती म्हणते तुमच्यापेक्षा माझाच चांगला झालाय, आणि खरं सांगायचं तर कधी कधी असतोही.

बरोबर गार्लिक ब्रेडसाठी स्पेशल काही आणत नाही, लादी पाव मधून कापून बटर, लसूण, कोथिंबीर लावून तव्यावर उलटा दाबला की काम झालं.

उरला तर मायक्रोवेव्हमध्ये तसाच घालू नका, तेल सुटतं आणि चिकन चिवट होतं. पॅनमध्ये दोन-तीन चमचे दूध गरम करा, त्यात पास्ता घालून मंद आचेवर मोकळा करा, चिकन शेवटच्या मिनिटाला. सकाळच्या डब्यात द्यायचा असेल तर रात्रीच पास्त्याचं थोडं पाणी वाटीभर बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा, दुधापेक्षा त्याने जास्त छान सुटतो. आणि डबा मोठ्या सुट्टीपर्यंत गार होणार हे धरून सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवा, मुलं घट्ट झालेला पास्ता परत आणतात, अगदी झाकणसुद्धा न उघडल्यासारखा.